नुक्ता दिसेना तेव्हा

आमच्या अब्बांनी निवृत्तीनंतर घराण्याच्या आठवणी उर्दूत लिहिल्या, त्या इनपेजमध्ये. गावच्या घराची हकिकत, बोटीवर नोकरी केलेल्या दादांचे किस्से, अम्मीच्या माहेरची वंशावळ. ही फाइल जुन्या इनपेजची. त्यातली अक्षरं युनिकोडमध्ये नसतात, म्हणून वर्डमध्ये उघडली तर नुसता कचरा दिसतो.

जुना संगणक बंद पडला. विंडोज एक्सपीला कंपनीचा आधार 8 एप्रिल 2014 लाच संपला होता. तेव्हा भाच्याने नव्या डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं आणि त्यात एक्सपी चालू करून दिलं. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, असंच म्हणा ना!

इनपेज उघडलं, पण पडदा 640 बाय 480 वर अडलेला, रंग फक्त 16. अक्षरांच्या कडा करवतीसारख्या. उर्दूत बे खाली एक नुक्ता, पे खाली तीन. इथे तिन्ही मिळून एकच डाग. अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ते पडद्याजवळ वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले आणि म्हणाले, "राहू द्या, आता माझ्या डोळ्यांत दम नाही." दोन दिवस त्यांनी संगणकाकडे पाहिलं नाही.

दोष डोळ्यांचा नव्हता. एका दुकानदाराने सगळं पुसून नव्याने टाकायला सांगितलं. आम्ही तिघा भावंडांनी तो सल्ला बाजूला ठेवला. त्याआधी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि मशीनचा स्नॅपशॉटही. हे दोन नसतील तर कशालाच हात लावू नये, असं आमचं मत आहे.

पोटातल्या संगणकाला खरं ग्राफिक्स कार्ड मिळत नाही, सॉफ्टवेअर त्याला एक बनावट कार्ड दाखवतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव व्हीएमएसव्हीजीए होतं. ते लिनक्सला मानवतं. एक्सपीसारख्या जुन्यासाठी व्हीबॉक्सव्हीजीए हवं. पण बदलायला जावं तर रकाने राखाडी, कारण मशीन बंद नव्हतं, 'सेव्ह' करून झोपवलेलं होतं. आतून रीतसर शटडाउन केल्यावर रकाने उघडले. थ्रीडीची खूणही काढली, ती या कार्डावर चालत नाही. व्हिडिओ मेमरी 128 एमबी करा असं जो तो सांगतो. नुसती पानं वाचायला तेवढी लागत नाही. 1920 बाय 1080 चा पडदा जेमतेम 8 एमबीत मावतो.

मग 'डिव्हायसेस' मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी आत घातली. खरं काम या सीडीचंच, त्या बनावट कार्डाचा ड्रायव्हर तिच्यात असतो. एक्सपी दोनदा कुरकुरलं, हा ड्रायव्हर तपासलेला नाही म्हणालं. 'तरीही पुढे' दाबलं. पुन्हा चालू केल्यावर खिडकी ओढू तसा पडदा मोठा होऊ लागला. नेटवर्कचं कार्ड तेवढं बंद ठेवलं; इतक्या जुन्या विंडोजला इंटरनेटवर सोडणं बरं नव्हे.

असरनंतर अब्बांना बोलावलं. पान दीडपट मोठं केलं होतं. ते काही बोलले नाहीत, वाचत गेले. तिसऱ्या पानावर थांबून म्हणाले, "इथे दादांच्या बोटीचं नाव चुकलंय. की-बोर्ड द्या बघू इकडे."

तेव्हापासून रोज पाच-सहा पानं दुरुस्त होतात. छपाईसाठी फाइलची पीडीएफ करायची आहे, ते काम धाकटीकडे आहे.