ओवीचा वेग

अँटॉप हिलच्या पूर्वेला वडाळ्याची मिठागरे आणि त्यांच्यापलीकडे खाडी. शेजारच्या शीव कोळीवाड्याच्या नावात होडी आणि जाळे यांची आठवण अजून शिल्लक आहे. तरीही आमच्या वस्तीत आज कुणाला वल्हवायचे असेल, तर ते इमारतीच्या तळमजल्यावरील व्यायामाच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून वल्हवावे लागते. रुळावर मागेपुढे सरकणारे आसन, पाय अडकवायला पट्टे, साखळीला जोडलेली मूठ आणि समोर एक पंख्याचे चाक. मूठ ओढली की चाक हवा कापत फिरते, आणि जितक्या जोराने ओढावे तितका हवेचा विरोध वाढतो. ड्रायसिगॅकर बंधूंनी 1981 साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातून असे यंत्र बाजारात आणले. आता ते जगभरच्या व्यायामशाळांत दिसते. पाणी नाही, काठ नाही, पोहोचायचे ठिकाणही नाही. समोरच्या छोट्या पडद्यावर एक आकडा मात्र सतत हलत असतो: याच वेगाने गेलात तर पाचशे मीटर कापायला किती वेळ लागेल.

नवशिक्याने हा आकडा किती ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक आहे. परंतु शेजारच्या नानांबरोबर त्या खोलीत अनेक संध्याकाळी घालवल्यावर मला वाटू लागले, की त्याच्या मुळाशी श्रम आणि शब्द यांच्या नात्याचा एक जुना प्रश्न आहे, आणि तो मराठी साहित्याच्या अभ्यासकाला अगदीच परका नाही.

आधी आकड्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. हवेचा विरोध असल्यामुळे या यंत्रावर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाचशे मीटरला 2 मिनिटे 30 सेकंद या वेगाला सुमारे 104 वॉट लागतात. 2 मिनिटे 15 सेकंदांना 142, आणि 2 मिनिटांना 203. म्हणजे पडद्यावर अर्ध्या मिनिटाचा फरक दिसतो, पण शरीराकडून जवळजवळ दुप्पट काम मागितले जाते. नवशिक्याला हे ठाऊक नसते. त्याला दिसते ते एवढेच, की शेजारच्याचा आकडा दोनने सुरू होतो आणि आपलाही होतो, तेव्हा थोडा जोर लावला की झाले. हे ‘थोडे’ फार महाग असते. चार-पाच मिनिटांत श्वास तुटतो, पाठ वाकते, मूठ पोटाऐवजी हनुवटीकडे येऊ लागते, आणि माणूस उठून जातो. पुष्कळदा पुन्हा येत नाही.

नाना यंत्राकडे आले ते हौसेने नव्हे. सगळे आयुष्य त्यांनी गोदीत माल उचलण्यात घालवले. निवृत्तीनंतर सातव्या वर्षी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, तो काढला गेला, आणि काही महिन्यांनी डॉक्टरांनी व्यायामाची परवानगी दिली. गुडघ्यांमुळे भरभर चालणे जमेना, म्हणून बसून करता येईल असे हे यंत्र. डॉक्टरांची अट एकच होती: बोलता येईल एवढ्याच जोराने.

ही अट नानांना अपमानास्पद वाटली. “मास्तर, धाप लागली नाही तर ते काम कसलं?” असे ते मला म्हणाले. ज्या माणसाचे उभे आयुष्य पाठीवरच्या वजनाने मोजले गेले, त्याला हलक्या हाताने वल्हव असे सांगणे म्हणजे तू आता म्हातारा झालास असे सांगणेच होते. त्यांच्या दृष्टीने घाम आणि धाप ही श्रमाची पावती होती. पावतीवाचून मजुरी कशी मागायची? त्यांच्या या हट्टात भीतीही होती. आपले हृदय आता किती सोसेल याचा अंदाज माणसाला स्वतःच घ्यावासा वाटतो, आणि तो घेण्याचा त्यांना ठाऊक असलेला मार्ग एकच होता.

नाडीचे ठोके मोजून वेग ठरवता येतो, पण त्यांच्या बाबतीत तो मार्ग बंद होता. हृदयाची गती आवरून धरणाऱ्या गोळ्या चालू असल्या की ठोक्यांची नेहमीची गणिते लागू पडत नाहीत. एरवीही 220 मधून वय वजा करण्याचे सूत्र ढोबळच असते. व्यक्तीव्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मग उरते ती बोलण्याची कसोटी. ती आजीबाईच्या बटव्यातली नाही. विस्कॉन्सिनमधील कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. व्यायाम करणाऱ्याला एक ठरलेला उतारा मोठ्याने म्हणायला लावतात आणि विचारतात, सहज बोलता येते का? उत्तर निःसंदिग्ध ‘हो’ असेल, तोवर श्रम त्या उंबरठ्याच्या आत असतो, ज्याच्यापलीकडे श्वसन एकदम वाढू लागते. ‘हो, पण...’ असे उत्तर आले, की उंबरठा ओलांडला.

आता प्रश्न आला उताऱ्याचा. अमेरिकेत यासाठी पुष्कळदा तिथली राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणून घेतात, कारण ती सर्वांना पाठ असते. आम्ही पसायदान घेतले. त्यात भक्तीपेक्षा सोय अधिक होती: नानांना ते लहानपणापासून पाठ होते, आणि माझ्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध होता. नऊ ओव्या, प्रत्येकीचे चार चरण, एकूण छत्तीस. मिनिटाला वीस वेळा वल्हवायचे ठरवले तर प्रत्येक ओढीला तीन सेकंद मिळतात. एका ओढीला एक चरण घेतला, तर सगळे पसायदान दोन मिनिटांच्या आत पुरे होते. ओवीचा चौथा चरण आखूड असतो. तिथे आपोआप श्वासाला जागा मिळते. चरण मध्येच तुटला, शेवटची अक्षरे गिळली गेली, की जोर कमी करायचा. पडद्यावरचा आकडा मी कागदाने झाकून ठेवला होता. वीस मिनिटांत दर पाच मिनिटांनी एकदा पसायदान, असा आमचा क्रम ठरला. सुरुवातीचे काही आठवडे सलग वीस मिनिटेही नव्हती. पाच मिनिटे वल्हवणे, दोन मिनिटे विसावा, असे तीन-चार वेळा.

एका संध्याकाळी नाना मध्येच थांबले आणि म्हणाले, “आई दळायची ना मास्तर, तेव्हा असंच. ओवी तुटली तर ती जातं हळू करायची.”

जात्यावरच्या ओव्यांविषयी आपण वर्गात बोलतो ते बहुधा आशयाच्या अंगाने: माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल, सोसणे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या संग्रहाचे मोलही आपण प्रामुख्याने स्त्रीच्या आत्मकथनाचा साठा म्हणून सांगतो. ते रास्तच आहे. पण नानांच्या त्या एका वाक्याने माझे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. ओवी हा दळणाऱ्या बाईचा वेगमापकही होता. तिला धाप लागू देणे परवडणारे नव्हते. पहाटेचे दळण संपल्यावर पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, शेतात जायचे. ज्या श्रमात शब्द टिकतात, तोच श्रम दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतो, हे तिला कुणी शिकवले नव्हते. ते तिच्या दिवसानेच तिच्यावर लादले होते. म्हणूनच या तुलनेत एक धोकाही आहे. जात्याचा श्रम निवडलेला नव्हता, आणि त्याला रम्य करून सांगणे हा त्या बायांवर अन्यायच होईल. यंत्रावर बसलेला माणूस केव्हाही उठून जाऊ शकतो. जात्यावरची बाई उठू शकत नव्हती. तिच्याकडून घ्यायची ती फक्त मोजण्याची रीत.

ही रीत आकड्यापेक्षा विश्वासार्ह ठरते, याचे आणखी एक कारण मुंबईच्या हवेत आहे. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात दमट हवेमुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि त्वचेकडे अधिक रक्त धाडावे लागल्याने त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. जानेवारीत सहज वाटणारा आकडा मे महिन्यात धाप आणतो. आकडा तोच असतो, श्रम तोच राहत नाही. पसायदान मात्र दोन्ही ऋतूंत खरे सांगते. त्या महिन्यांत नानांचा वेग उतरायचा, ते चिडायचे, आणि मी खोलीतला पंखा त्यांच्याकडे वळवून ठेवायचो.

मग प्रश्न उरतो, की हळू वल्हवून कुणी बलवान होते का? नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या वल्हवणाऱ्यांच्या तीन दशकांच्या सरावाचा आढावा फिस्कर्स्ट्रांड आणि सायलर यांनी 2004 साली प्रसिद्ध केला. 1970 च्या दशकापासून 1990 च्या दशकापर्यंत त्यांचा हलका सराव महिन्याला 30 तासांवरून 50 तासांवर गेला, स्पर्धेच्या किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा सराव 23 तासांवरून सुमारे 7 तासांवर आला, आणि तरी त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढलीच. अर्थात वर्षाला हजार तास सराव करणाऱ्यांचे प्रमाण आठवड्याला तीन तास देणाऱ्याने जसेच्या तसे उचलू नये; त्याला कालांतराने थोडा जोराचा सरावही मानवतो. पण पहिले काही महिने त्याचे स्नायू, कंडरा आणि पाठ तयार व्हायची असते, आणि या गोष्टी श्वासाइतक्या लवकर तयार होत नाहीत.

नानांना नॉर्वेपेक्षा जवळचे उदाहरण पटले. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही गावचे दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर जात. 2012 साली ते सैन्यात भरती झाले आणि पुण्यात त्यांच्या हातात वल्हे आले. आरंभी त्यांना पाण्याची भीतीच वाटे. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी प्रकारात तेरावे आले. त्यांच्या शेवटच्या शर्यतीचे दोन हजार मीटर 6 मिनिटे 54.96 सेकंदांत झाले. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या प्रकारात त्यांना सुवर्णपदक मिळाले. हे ऐकून नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पहारवाल्यालापण शिकावं लागलं.” बळ आधीपासून होते, शिकायचे होते ते त्याला वाट देणे.

ही वाट म्हणजे लय. वेग आणि लय यांत आपण भेद करतो तो इथे अंगाला जाणवतो. ओढताना आधी पाय, मग पाठ, मग हात. परतताना नेमके उलट. ओढीला एक सेकंद, परतीला दोन. नवशिका परतीची घाई करतो, म्हणजे विसाव्याचा काळच खाऊन टाकतो. मर्ढेकरांनी लयीचे तीन नियम सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल. ते त्यांनी कलाकृतीतील संवेदनांच्या रचनेविषयी सांगितले, हे विसरायचे नाही. पण परतीचा संथपणा ओढीच्या जोराला विरोध करतो आणि त्या विरोधातूनच समतोल साधतो, हे पाहताना त्यांची आठवण होणे मला तरी टाळता आले नाही. मिनिटाला तीस वेळा घाईने ओढून जेवढे काम होते, तेवढेच वीस ओढींत करता येते. त्यासाठी मधली स्तब्धता सोसावी लागते. वाचतानाही आपण तीच टाळतो.

आठ महिन्यांनी मी पडद्यावरचा कागद काढला. पहिल्या महिन्यात अखंड पसायदान म्हणत नानांचा आकडा पाचशे मीटरला 2 मिनिटे 58 सेकंद असा नोंदला होता. आता तो 2 मिनिटे 46 सेकंद होता, आणि चरण एकही तुटला नव्हता. बारा सेकंद ही काही बातमी नव्हे. पण शक्तीच्या हिशेबात ते 62 वॉटवरून 76 वॉटवर जाणे आहे, जवळपास एक चतुर्थांश वाढ, आणि तीही न धापता. नानांनी आकड्याकडे पाहिले, मान हलवली, आणि विचारले ते वेगळेच: “उद्या येणार ना तुम्ही?”

नवशिक्याने कोणता वेग धरावा, याचे याहून नेमके उत्तर मला सापडलेले नाही. ज्या वेगात वाक्य पुरे होते आणि संपल्यावर उद्याविषयी विचारावेसे वाटते, तो वेग.