शिलाई मशीनखालची चिक्की



गेल्या जूनमध्ये, बेळगावात पाऊस नुकता धरला होता तेव्हा, आमच्या घरी एक कुत्री आली. भटक्या जनावरांची सेवा करणारी मंडळीतलीच एक मुलगी तिला घेऊन आली. बांधकामावर कोणी बांधून ठेवलेली, काम संपताच टाकून दिलेली. नायलॉनची दोरी गळ्याच्या मांसात रुतली होती, ती डॉक्टरांनी कापून काढली होती. "कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळा," ती म्हणाली. आम्ही दोघं निवृत्त, मुलं पुण्याला. हो म्हटलं.

चिक्की थेट शिलाई मशीनखाली शिरली. आमच्या देखत खाईना. रात्री दिवे मालवले की ताटली रिकामी व्हायची. वाकून हाक मारली की ती मान फिरवून जांभई द्यायची, ओठ चाटायची. आम्हांला वाटे, झोप आली असेल. ती भीती होती, हे त्या मुलीनं सांगितलं. डोळ्यांत बघू नका, डोक्यावर हात नेऊ नका, पाठ करून जमिनीवर बसा, चिकनचे तुकडे बाजूला टाका आणि काही मागू नका. काही न मागता बसणं आम्हांला कुठलं जमायला! पण गुडघे कुरकुरत असतानाही संध्याकाळच्या प्रार्थनेची चटई मशीनपाशी अंथरू लागलो. तिसऱ्या आठवड्यात स्तोत्र वाचताना पावलाला ओलं नाक लागलं. आम्ही आमेन म्हणायचं विसरलो.

आणि मग आम्ही चुकलो. रविवारी मंडळीत उभं राहून साक्ष दिली, की प्रीतीनं चिक्कीची भीती गेली. उपासनेनंतर आठदहा जण चहाला आले. त्यांना दाखवायचं म्हणून आम्ही तिला गळ्यातला पट्टा धरून बाहेर ओढलं. ती किंचाळली, जागीच मुतली, हाताला दात लावून पुन्हा आत पळाली. दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यावी लागली. "एवढं करून हे फळ?" असं आमच्यातलं एक जण बोललंही. दोरी रुतली होती तिथंच आपण ओढलं, हे रात्री अंथरुणावर लक्षात आलं.

पुढच्या रविवारी उभं राहून तेही सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आज सांगतो आहोत.

पुन्हा चटई, पुन्हा पाठ. गळ्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा आणला. दिवाळीच्या फटाक्यांत खिडक्या लावून, पंखा मोठा करून रात्रभर तिच्याशेजारी बसलो. लूकच्या सोळाव्या अध्यायात लाजराच्या जवळ येतात ती कुत्रीच, पण इतक्या वर्षांच्या उपदेशांत आमचं सगळं लक्ष त्या श्रीमंत माणसाकडे!

लहान मुलांच्या एका घरानं तिला मागितलं, नाही म्हणणं जड गेलं. मग टिळकवाडीतल्या एक मावशी, एकट्याच राहणाऱ्या, चार रविवार येऊन विणकाम करत तिच्याकडे पाठ करून बसल्या. त्यांना आम्ही काही शिकवलं नव्हतं. जानेवारीत चिक्की तिच्या गोधडीसकट त्यांच्याकडे गेली.

महिन्यानं भेटायला गेलो. चिक्कीनं आमचे हात हुंगले, शेपूट हलवली आणि परत जाऊन मावशींच्या खुर्चीखाली बसली. मावशींनी चहा टाकला.