मरळीसाठी काठी निवडताना

कवठे महांकाळ आणि मासे हे दोन शब्द एका दमात उच्चारले की मिरजेचा माणूससुद्धा हसतो. जिथे वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहिली, तिथे मासे कुठले? पण मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याने निघा, दंडोबाचा डोंगर मागे टाका आणि पाण्याचे आवर्तन सुटलेले असेल तेव्हा एखाद्या तलावावर जाऊन पाहा. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच बायाबापड्यांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, डोक्यावरून माती वाहिली. त्या काळी महाराष्ट्रभर असे किती तरी पाझर तलाव उभे राहिले. पुढे म्हैसाळला कृष्णेचे पाणी उपसून टप्प्याटप्प्याने इकडच्या माळावर चढवले गेले. खानापूर तालुक्यात उगम पावून कर्नाटकात कृष्णेला मिळणारी आपली अग्रणी, एरवी नुसती वाळूची नदी. तिच्या बंधाऱ्यांतही मग पाणी दिसू लागले.

पाणी आले की मासा येतो, आणि मासा आला की पोरे गळ घेऊन काठावर बसतात. आता बाजारात रिळाच्या रंगीत काठ्या मिळतात आणि पोरे त्यांतली सर्वांत जाड, सर्वांत लांब काठी मागतात. मासा मोठा हवा तर काठी मोठी हवी, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे, तो कसा ते सांगतो.

रोहू किंवा मृगळ धरायचा तर कणकेची गोळी तळाशी सोडून वाट पाहायची. त्याला बुरुडाकडची दहा-बारा फुटी बांबूची काठी पुरे. पेरे जवळजवळ असलेली, बुडखा भरीव, शेंडा बारीक. बुडखा हातात धरून झटका द्या. शेंडा थरथरून लगेच थांबला तर काठी चांगली, बराच वेळ डुलत राहिला तर परत ठेवा.

मरळीचे तंत्र वेगळे. ती शिकारी. पाणवनस्पतींच्या कडेला उथळ पाण्यात दबा धरून बसते, हवा घ्यायला वर येते आणि पृष्ठभागावरून बेडूक सरकला की झडप घालते. तिच्यासमोर आमिष फेकून ओढत आणावे लागते. जिवंत बेडूक गळाला लावू नका. तो तुमच्या पिकावरचे किडे खातो. बेडकाच्या तंगड्यांची निर्यातही देशाने १९८७ मध्ये बंद केली. रबरी बेडूक मिळतो, पण त्याचे वजन जेमतेम दहा ते वीस ग्रॅम. खरी अडचण इथेच येते.

गोफण आठवा. जोंधळ्यावरची पाखरे हाकताना गोफणीत हरभऱ्याएवढा खडा घातला तर तो कुठे जातो? समोरच पडतो. गोफणीला वजन लागते. काठीचेही तसेच आहे. फेकताना आमिषाच्या वजनाने काठी मागे वाकते आणि सरळ होताना आमिष पुढे उडवते. जाड काठी वीस ग्रॅमने वाकतच नाही, मग सारा जोर मनगटाने लावावा लागतो आणि बेडूक दहा हातांवर पडतो. अगदी लवचीक काठीने बेडूक जाईल दूर, पण जबड्यात गळ रुतवताना ती नुसती वाकेल आणि मरळ गवतात शिरेल.

अमेरिका-कॅनडाच्या सरोवरांत मस्की नावाचा असाच दबा धरणारा मासा आहे, वाढला की मीटरभराहून लांब. त्याच्यासाठी तिकडचे लोक पावपाव किलोची लाकडी आमिषेसुद्धा फेकतात. पण तेच लोक लहान आमिषासाठी वेगळी, हलकी काठी ठेवतात. मासा तोच, काठी मात्र आमिषाप्रमाणे.

तेव्हा दुकानात मुठीच्या वर छापलेला आकडा वाचा. आमिषाचे वजन ग्रॅममध्ये किंवा औंसात लिहिलेले असते. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. दहा ते तीस ग्रॅमची, साडेसहा-सात फुटी काठी मरळीला बरोबर. शेंड्याला तेवढे वजन बांधून हलका झोका द्या. वरचा तिसरा हिस्सा वाकावा, मुठीकडचा भाग ताठ राहावा. कड्यांतून बोट फिरवा. एखादी खरखरीत लागली तर तंगूस कापला जाईल.

काचतंतूची की कार्बनची? कार्बनची काठी हलकी, पण कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारींच्या तारा किती खाली लोंबतात हे तुम्हाला सांगायला नको. मी तरी पोराच्या हातात काचतंतूचीच काठी देईन, आणि तीही ओली झाली तर तारेखाली उभी धरू देणार नाही. द्राक्षबागेच्या प्लॅस्टिकच्या शेततळ्यावर तर काठी नेऊच नका. तो कागद इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही.

तलावाची मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते, म्हणून आधी ग्रामपंचायतीत किंवा मच्छीमार संस्थेत विचारून घ्या. पावसाळ्यात काठाजवळ तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका. मरळीची जोडी खालून त्यांची राखण करत असते; ती गेली की इतर मासे थवा फस्त करतात. इतर दिवशी धरलेली मरळ घरात सर्वांना आवडते. तिला काटे कमी, त्यामुळे म्हाताऱ्यांना आणि लेकरांना निर्धास्त वाढता येते.

बांबूची काठी घरीच करायची असेल तर थंडीत तोडा, तीन वर्षांचा तरी बांबू घ्या आणि सावलीत वाळवा. भुंगा कमी लागतो. वाळली की आढ्याला आडवी टांगा. भिंतीला टेकवून ठेवली तर उन्हाळ्यापर्यंत वाकडी होते.