विजेचा रहाट

कोकणातील आमच्या घरामागे विहिरीवर रहाट होता. तो कुरकुरू लागला की आजोबा कण्याला तेलाचे बोट लावीत आणि रहाट पुन्हा निमूटपणे फिरू लागे. पुढे नोकरीनिमित्त आम्ही दिल्लीस आलो, एक जुनी जीप घेतली आणि हौसेने तिच्या तोंडाशी विजेचा रहाट, म्हणजे विंच, बसवून घेतला. त्याला मात्र तेलाचे बोट कधी लागले नाही. रविवारी स्नेही जमले की त्याच्या ताकदीचे वर्णन करावे, एवढाच त्याचा उपयोग. घरातून एकदा सूचना झाली, "अहो, फिरवून तरी पाहा. बरणीतले लोणचेसुद्धा अधूनमधून ढवळावे लागते." आम्ही हसून विषय बदलला.

१३ जुलै २०२३ रोजी यमुनेने जुन्या लोखंडी पुलापाशी २०८.६६ मीटरची पातळी गाठली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. मयूर विहारलगतचा खादर पाण्याखाली गेला; तेथील कुटुंबे रस्त्याकडेला ताडपत्रीखाली राहू लागली. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे नेहमी भाजी आणणारा शेतकरी दाराशी आला. त्याचा तीनचाकी टेम्पो आसापर्यंत गाळात रुतला होता. लवकर आणलात तर इंजिन उघडून पाहू, असे मिस्त्रीने त्याला सांगितले होते. "बाबूजी, आपकी गाड़ी में चरखी है न?" त्याने विचारले. आम्ही मोठ्या रुबाबात होकार दिला.

दुसऱ्या दिवशी खादरात बरीच मंडळी जमली. तारेचा दोर सोडला, आकडा अडकवला आणि कळ दाबली. टक्! पुन्हा दाबली. पुन्हा टक्! सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या आम्हांला हा आवाज ओळखीचा वाटायला हवा होता. हुकूम खाली पोहोचला आहे, त्याची पोचही मिळाली आहे, मात्र काम जागचे हललेले नाही, असा त्याचा अर्थ. त्यातच कळले की, आमच्या शब्दावर विसंबून त्याने भाड्याचा ट्रॅक्टर परत पाठवला होता. तो आम्हांला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्या संध्याकाळी आम्ही मीटर घेऊन जीपपाशी बसलो. आमचा पहिला संशय बॅटरीवर होता. दोष खालच्यावर ढकलण्याची सवय सहजी सुटत नाही. बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवीत होती. कळ दाबून पाहिली, तरी आकडा जवळजवळ तसाच राहिला. येथेच उलगडा झाला. विंचची मोटर भर ओझ्याखाली चारशे अँपिअरपर्यंत वीज ओढते. ती खरोखर ओढू लागली तर बॅटरीचा दाब खाली यायलाच हवा. तो येत नाही, याचा अर्थ वीज वाहतच नाही. बॅटरी निर्दोष आहे आणि वाट कोठेतरी तुटली आहे. कळीची बारीक तार वेगळ्या वाटेने जाते, म्हणून सोलेनॉइड टक् करीत होता. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे मोटरच्या अर्थच्या खुंटीला लावून कळ दाबली. तेथे शून्याच्या आसपास दिसावयास हवे. अकरा व्होल्ट दिसले! चोर सापडला.

अर्थची तार चासीला रंगावरच आवळलेली होती. वरचे आवरण कापले तर आत हिरवा कळंक. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, तसाच. अशा जोडात एका ओहमचा केवळ शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी चारशे अँपिअरला तो चार व्होल्ट खाऊन टाकतो. येथे तर सर्वस्वच गिळले होते.

सकाळी काश्मीरी गेटच्या बाजारातून पस्तीस चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल दाबून बसवलेल्या टोकांसह करून आणली आणि चासीचा भरवसा सोडून ती सरळ बॅटरीला जोडली. खादरात या वेळी आम्ही घाई केली नाही. चाकांपुढचा गाळ आधी फावड्याने काढला. टेम्पोला कप्पी बांधून दोर तिच्यातून परत जीपच्या आकड्याला आणला. त्यामुळे वेग निम्मा होतो, पण ओढ दुप्पट मिळते. पिंपावर तारेचे पाच वेढे शिल्लक ठेवले, जीपच्या चाकांना विटा लावल्या, तार तुटलीच तर उसळू नये म्हणून तिच्यावर जाड घोंगडी टाकली आणि लोकांना दूर उभे केले. इंजिन चालू ठेवून कळ दाबली. विंच गुरगुरला. मिनिटभर ओढावे, मग मोटर निवू द्यावी, असे करीत अर्ध्या तासाने टेम्पो कोरड्यावर आला. शेतकऱ्याने आधी चाकाला हात लावला, मग कपाळाला.

मिस्त्रीच्या हाती इंजिन पोहोचले, ते एक दिवस उशिरा. तो दिवस आमच्या नावावर आहे. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोर पुरा सोडतो, थोड्या ओझ्याखाली पुन्हा नीट गुंडाळतो, खुंट्या घासतो आणि त्यांना ग्रीस लावतो. स्नेही आले, तर त्यांनाही हाताशी घेतो. वर्णन करणे मात्र आम्ही सोडून दिले आहे.