किल्ल्यांचा जुडगा

फिलाडेल्फियात अमेरिकन राज्यक्रांतीचे संग्रहालय २०१७ साली उघडले. पुढच्याच वर्षी उन्हाळी सुट्टीत नातलगांकडे न्यू जर्सीला गेलो असता आम्ही उभयतांनी ते पाहिले. तेथील छोट्या प्रेक्षागृहात आधी एक चित्रफीत दाखवितात. मग पडदा वर जातो आणि मंद उजेडात लिननचा एक तंबू दिसू लागतो. इंग्रजांविरुद्धच्या युद्धात जॉर्ज वॉशिंग्टन ह्याच तंबूत राहत, लिहीत, खलबते करीत.

तलवार गंजली तरी उरते. कापडाला मात्र ओल, ऊन, कसर काहीही पुरते. मग हे कापड दोन शतकांहून अधिक काळ टिकले कसे?

रूढ उत्तर संग्राहकाचे नाव सांगते. हर्बर्ट बर्क नावाच्या एका धर्मोपदेशकाने व्हॅली फोर्ज येथे लोकांसाठी संग्रहालय उभारण्याचा ध्यास घेतला होता. १९०९ साली त्यांनी रॉबर्ट ली यांच्या कन्येकडून हा तंबू ५,००० डॉलरना मिळविला. वस्तू घराण्याच्या पेटीतून काढून लोकांपुढे मांडणे, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु आम्हांला अडविले ते त्याआधीच्या एका प्रसंगाने. वॉशिंग्टनच्या वस्तू वारशाने लींच्या पत्नीकडे, आर्लिंग्टनच्या वाड्यात आल्या होत्या. मे १८६१ मध्ये यादवी युद्धामुळे वाडा सोडताना बाईंनी किल्ल्या सेलिना ग्रे हिच्या हाती दिल्या. सेलिना त्या घरची गुलाम होती. पुढे उत्तरेच्या फौजेने वाड्यात तळ दिला आणि वॉशिंग्टनच्या काही वस्तू नाहीशा झाल्याचे तिच्या ध्यानी आले. तिने थेट सेनापती मॅकडॉवेल यांना गाठून ते सांगितले. उरलेला ठेवा १८६२ च्या आरंभी राजधानीत सुरक्षित हलविण्यात आला. १९०१ मध्ये तो ली कुटुंबाला परत मिळाला. ज्या स्वातंत्र्ययुद्धाची ही खूण, त्याने सेलिनाला स्वातंत्र्य दिले नव्हते. तरीही ती खूण तिने राखली. का राखली, हे तिच्या शब्दांत ऐकायला हवे होते, असे आम्हांला आजही वाटते.

परतीच्या प्रवासात आमचे आपसांत बोलणे थोडेच झाले. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील वृद्ध बाईंनी आम्हांला अभंगांचे एक जुने बाड दिले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण दर पावसाळ्यानंतर त्या ते बाड उन्हाला दाखवीत आणि धुतल्या लुगड्याच्या फडक्यात पुन्हा बांधून ठेवीत. महाविद्यालयातील प्रदर्शनात आम्ही ते मांडले आणि खाली चिठ्ठी लावली, ‘संग्राहक’ म्हणून आमची दोन नावे लिहून. मराठी शिकविणाऱ्यांना ‘संग्रह’ आणि ‘जतन’ ह्यांतला भेद कळू नये, ह्याची लाज वाटली. संग्रह एका दिवसात होतो. जतनाला आयुष्य लागते.

आम्ही त्या गावी पुन्हा गेलो, तेव्हा बाई हयात नव्हत्या. त्यांचे पूर्ण नाव नातवाला विचारावे लागले, कारण बाड घेताना आम्ही ते विचारलेच नव्हते. आता चिठ्ठीवर पहिली ओळ त्यांची आहे.