आईंची बॅग आणि ‘आय-एन-डी’ची चिठ्ठी



सुट्ट्या जवळ आल्या की मला हमखास एक प्रश्न येतो, “तुमच्या सासूबाई एकट्या अमेरिकेला कशा गेल्या हो?” प्रत्येकीला फोनवर सांगताना काहीतरी सुटतेच. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आमच्या आई 71 वर्षांच्या. सगळा जन्म सांगलीत गेला. मराठी वाचतात, हिंदी बोलतात, इंग्रजीचा गंध नाही. गुडघे दुखतात. धाकट्या नणंदेचे पहिले बाळंतपण, आणि ती राहते इंडियानापोलिसला. मुलीची बारावी असल्यामुळे मला जाता येत नव्हते, यांना रजा नव्हती. जावई म्हणाले, “शिकागोपर्यंत येऊ देत, तिथून गाडीने तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे, मी घ्यायला येईन.” पण डॉक्टरांनी दिलेली तारीख आणि आईंची तारीख यांत चारच दिवसांचे अंतर. ऐनवेळी बायकोला एकटी टाकून ते येणार कसे? म्हणजे आईंना मुक्कामाच्या गावापर्यंत विमानानेच पोचायचे होते.

भाऊजींनी नेटवर शोधून एक स्वस्त जुळणी काढली. मुंबई-लंडन-शिकागो एक तिकीट आणि शिकागो-इंडियानापोलिस दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट. अठरा हजार रुपये वाचत होते. घरात सगळ्यांना पटले. मी एवढेच विचारले, “शिकागोला आईंची बॅग कोण उचलणार?”

सगळी गोम इथेच आहे. अमेरिकेत साधारण नियम असा की, तुम्ही त्या देशात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होते, तिथेच पट्ट्यावरून बॅगा घ्याव्या लागतात आणि कस्टममधून बाहेर काढाव्या लागतात. पुढच्या गावाचे तिकीट एकत्र असेल तर बाहेरच एका काउंटरवर त्या परत सोपवायच्या. तिकीट वेगळे असेल तर बॅगा घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जायचे, रांग लावायची, नव्याने वजन करायचे. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर परदेशी विमाने बहुतेक टर्मिनल 5 ला लागतात आणि देशांतर्गत विमाने मुख्यतः 1, 2, 3 वरून सुटतात; मध्ये छोटी रेल्वे आहे. आणि पहिले विमान उशिरा आले तर वेगळ्या तिकिटाची दुसरी कंपनी काही आपल्यासाठी थांबत नाही, पुढचे तिकीट पदरचे पैसे घालून काढावे लागते. 23 किलोच्या दोन बॅगा आणि गुडघे धरून चालणारी बाई! अठरा हजार मला महाग वाटले नाहीत.

आम्ही अबुधाबीमार्गे जाणारे, थेट इंडियानापोलिसपर्यंतचे एकच तिकीट घेतले. अबुधाबीची खुबी फार जणींना ठाऊक नसते. तिथल्या विमानतळावर अमेरिकेचेच अधिकारी बसतात आणि अमेरिकेची इमिग्रेशन-कस्टम तपासणी विमानात बसण्याआधीच उरकते. मग शिकागोला तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे उतरता. बॅग पट्ट्यावरून घ्यावी लागत नाही, ती परस्पर पुढच्या विमानात जाते. अबुधाबीत अधिकारी तुमच्या बॅगेचा फोटो पडद्यावर दाखवून “ही तुमचीच ना?” असे विचारतात. म्हणून मी दोन्ही बॅगांना जुन्या इरकलीची किनार फाडून बांधली होती. आई म्हणाल्या, “बॅग नाही ओळखली, पण साडी ओळखली.”

मुंबईहून आलेली बॅग तिथे पोचल्याशिवाय ही तपासणी पुढे सरकत नाही. शिवाय सुरक्षा तपासणी तिथे पुन्हा होते. त्यामुळे दीड-दोन तासांची घाईची जुळणी घेऊ नका. आम्ही चार तासांची घेतली. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, आणि प्रत्येक टप्प्यासाठी नोंदली आहे ना ते विचारून घ्या. अबुधाबीत खुर्ची ढकलणारा मुलगा हिंदी बोलणारा निघाला. अधिकाऱ्याने “कशासाठी? किती दिवस?” विचारले तेव्हा दुभाष्याचे कामही त्यानेच केले.

मुंबईच्या काउंटरवर मात्र मजा झाली. बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर तीन अक्षरे असतात, ती बॅगेच्या शेवटच्या मुक्कामाची. इंडियानापोलिसची अक्षरे आय-एन-डी! सोडायला आलेले चुलत सासरे घाबरले, “अहो, बॅग इंडियातच ठेवतायत की काय!” हसलो, पण तपासायचे असते ते हेच. चिठ्ठीवर शेवटच्या गावाची अक्षरे आहेत की मधल्या, हे काउंटर सोडण्याआधी बघायचे. बॅगेची पावती पासपोर्टच्या पाकिटात, आणि औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, एक साडी हातातल्या पिशवीत.

आता खाण्याचे. जैन जेवण किमान 24 तास आधी सांगावे लागते. त्याला व्हीजेएमएल असा संकेत आहे. नुसते ‘व्हेज’ म्हटले तर कांदा-बटाटा ठरलेला. अमेरिकेतल्या शेवटच्या छोट्या विमानात जेवण नसते, त्यासाठी खाकरे आणि भाजलेले पोहे दिले. उकळून गार केलेले पाणी तपासणीतून नेता येत नाही. रिकामी बाटली न्यायची आणि आत विमानातल्या मंडळींकडून गरम पाणी मागून घ्यायचे. बाळंतिणीसाठी सुंठ, डिंक, शतावरी होतेच. अमेरिकेच्या विमानात हातातल्या पिशवीत 350 मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते, म्हणून पुडी मोठ्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका. तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोजतात. ताजा कढीलिंब आणि तांदूळ तिकडे चालत नाहीत. खायचे पदार्थ आहेत का, असे विचारले की स्पष्ट “हो” म्हणायचे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड.

सूर्यास्तानंतर न जेवण्याचा आईंचा नियम. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबत जातो, घड्याळाला काही अर्थच उरत नाही. आम्ही इथे तर्क करत बसलो, आईंनी तिथे खिडकीची झडप वर केली, ऊन बघितले आणि जेवल्या. झडप खाली करायला सांगणाऱ्या बाईला म्हणे हिंदीत समजावले, “दो मिनट, दिन देख रही हूँ.”

पैशांबद्दलही विचारता. अमेरिकेत विमानाने उतरताना प्रवेशाचे पैसे द्यावे लागत नाहीत. जे काही असते ते व्हिसाचे, पर्यटक व्हिसाला 185 डॉलर, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. सगळीकडे असे नसते. जाऊबाई बालीला गेल्या तेव्हा पोचल्यावरच्या व्हिसाचे माणशी पाच लाख रुपिया आणि बालीच्या पर्यटन कराचे दीड लाख. शून्ये बघून त्यांना घाम फुटला. आपले साधारण साडेतीन हजार होतात. भूतानला आपल्या लोकांना दर रात्रीचे 1200 रुपये. आणि मधल्या विमानतळावर बॅग घ्यायला बाहेर पडावे लागणार असेल तर त्या देशाचा व्हिसा लागतो का, हे आधी बघा. सिंगापूरला वेगवेगळी तिकिटे काढून गेलेल्यांची फसगत इथेच होते. स्वस्त तिकिटात हा हिशेब कुणी धरत नाही.

आईंसाठी मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिले, खाली तेच इंग्रजीत: “मी इंडियानापोलिसला चालले आहे. मला इंग्रजी येत नाही. जावयांना फोन करा,” आणि नंबर. तो कागद शिकागोला एकदाच लागला, टर्मिनल बदलताना माणूस बदलला तेव्हा. नातीचा जन्म आई पोचल्यावर तिसऱ्या दिवशी झाला. दोन्ही बॅगा आईंच्याच विमानातून उतरल्या होत्या, डिंकासकट.

येताना लक्षात ठेवा, आपल्याकडेही नियम तोच आहे. मुंबईहून पुढे कोल्हापूरचे विमान असले तरी बॅगा मुंबईला घ्याव्या लागतात, कस्टम करून पुन्हा द्याव्या लागतात, आणि पुढचे विमान टर्मिनल 1 वरून असेल तर टर्मिनल 2 मधून बाहेर पडून रस्त्याने जावे लागते. आईंना आम्ही मुंबईहून गाडीनेच आणले. त्यांच्या बॅगेत माझ्यासाठी काय होते म्हणाल, तर मीच दिलेली सुंठीची अर्धी पुडी. म्हणाल्या, उरली होती, टाकवली नाही.