मावशींची वही

मांडव्याच्या धक्क्यावरून आत वळले की नारळी-पोफळींच्या आड एकामागून एक बंगले लागतात. मालक शनिवारी लाँचने येतात आणि रविवारी दिवस कलला की परततात. बंगले सांभाळणारी माणसे मात्र बारा महिने तिथेच असतात. कोणी माळी, कोणी रखवालदार, कोणी स्वयंपाकाला. त्यांतली काही कॅथलिक आहेत. कोणी कोर्लईकडची, कोणी मंगळूरची, कोणी थेट झारखंडातून आलेली. दर रविवारी सायंकाळी एका घराच्या ओसरीवर मी त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. वीस-पंचवीस माणसे जमतात. त्यांत एक मावशी अशा आहेत की ज्या आमच्या नाहीत.

'आमच्या नाहीत' हे शब्द लेखणीतून सहज उतरले. ते मी खोडीत नाही. त्याच शब्दांविषयी मला लिहायचे आहे.

मावशी मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. इंग्लंडहून आलेल्या अँग्लिकन मिशनऱ्यांनी त्या भागात एकोणिसाव्या शतकात काम केले. मावशींच्या घरात श्रद्धेचा दिवा लागला तो तेव्हापासून. त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांची मंडळी अँग्लिकन होती, लग्न लागले तेव्हा देवळावरची पाटी बदललेली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्यांनी आपापली नावे बाजूला ठेवली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ह्या एका नावाखाली त्या एकत्र आल्या. अँग्लिकन मंडळी ही त्यांतलीच एक. ही संयुक्त मंडळी जगभरच्या अँग्लिकन कुटुंबाचीही सभासद आहे. आपण कॅथलिक मात्र ह्या सर्वांना सरसकट 'प्रॉटेस्टंट' म्हणतो आणि पुढे चालू लागतो. चर्चगेट हे नाव आपल्यातले कितीतरी लोक रोज दोनदा उच्चारत असतील. पण ज्या देवळामुळे ते नाव पडले ते १७१८ साली खुले झालेले संत थॉमसचे अँग्लिकन मंदिर, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानी असते? कुलाब्याच्या अफगाण चर्चचे तसेच. त्याचा मनोरा एके काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खुणेचा होता, आणि ज्या जिल्ह्यात मी सेवा करतो त्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते. तरी त्या देवळाच्या आत मी पहिले पाऊल ठेवले ते वयाच्या पंचेचाळिशीनंतर.

सेमिनरीत आम्ही चर्चचा इतिहास शिकलो. अँग्लिकन मंडळीची आमची ओळख आठव्या हेन्रीच्या विवाहांपासून सुरू होई आणि संत थॉमस मोर ह्यांच्या शिरच्छेदापाशी बहुतेक संपे. पुढची साडेचारशे वर्षे ती माणसे प्रार्थना करीत होती, आजारी माणसांच्या उशाशी बसत होती, मुलांना 'आमच्या स्वर्गातील बापा' शिकवीत होती, हे परीक्षेत कोणी विचारले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा ख्रिस्तैक्याविषयीचा १९६४ चा आदेश मात्र आम्ही नीट अभ्यासला होता. रोमपासून दुरावलेल्या मंडळ्यांमध्ये अँग्लिकन मंडळीला त्यात खास स्थान दिलेले आहे, आणि एकत्र प्रार्थना हा ख्रिस्तैक्याचा आत्मा मानलेला आहे. त्या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते.

२०१८ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. मुसळधार पावसाची रात्र होती. मावशींचे यजमान एका बंगल्यावर रखवालदार होते, ते अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. फादरनी येऊन प्रार्थना करावी, एवढेच मागणे होते. मी निरोप्याला विचारले, ते कोणत्या मंडळीचे? त्याने सांगितले. मी म्हणालो, "मग त्यांच्या पाळकसाहेबांना कळवा. तेच योग्य होईल."

पाळकसाहेब मुंबईला. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात, आणि रो-रो बोट सुरू व्हायला अजून पावणेदोन वर्षे होती. ती २०२० च्या मार्चमध्ये आली. एरवीचा तासाभराचा जलप्रवास अशा वेळी पनवेल, पेण, वडखळ, कार्लेखिंड असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा फेरा होतो. तो सज्जन मनुष्य रात्रीच निघाला. सकाळी नऊच्या सुमारास चिखलाने माखलेल्या पायांनी तो दारात पोहोचला, तेव्हा यजमानांना जाऊन चार तास झाले होते.

कोणी माझ्याकडे संस्कार मागितला नव्हता. एखादे स्तोत्र वाचायला, मरणाऱ्या माणसाचा हात हातात घ्यायला ख्रिस्तसभेचा कोणताही नियम आड येत नव्हता. उलट १९९३ च्या रोमच्या मार्गदर्शिकेत अशा प्रार्थनेला उत्तेजनच दिलेले आहे. हे सारे मला ठाऊक होते. पण बाहेर पाऊस होता, रात्र होती, आणि 'आमचे नाहीत' हे कारण हाताशी होते.

पार्थिव गावी नेले. बंगल्याच्या मालकांनी मावशींना कामावर ठेवून घेतले, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या मिस्साला त्या ओसरीवर येऊन मागे बसल्या. पुढे दर रविवारी येऊ लागल्या. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळी त्या जागेवरच हात जोडून बसतात. गीते मात्र आमच्या माणसांपेक्षा खणखणीत म्हणतात. मी त्यांची क्षमा मागितली ती तब्बल दीड वर्षाने. (पापनिवेदन ऐकणाऱ्याला स्वतःचे निवेदन करायला एवढा वेळ का लागावा, हे एक कोडेच आहे.) त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मला तवाच कळलं होतं फादर, तुम्ही कचरलात. त्या दिसापासून तुमचं नाव घेते मी. वहीतल्या नावाच्या पाठोपाठ."

कसली वही, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून ती काढून दाखवली. शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. प्रत्येक ओळीत एक तारीख आणि तिच्यापुढे एक नाव. मुंबईला असलेली त्यांची लेक मोबाइलवरून पाहून देवनागरीत उतरवून देते. जगभरच्या अँग्लिकन मंडळीत मध्यस्थीच्या प्रार्थनेचे असे एक वार्षिक चक्र आहे. रविवारी एखाद्या देशाची किंवा प्रदेशाची सबंध मंडळी आणि इतर दिवशी एखादा धर्मप्रांत, अशी नावे नेमून दिलेली असतात. एकशे पासष्टांहून अधिक देशांत पसरलेल्या साडेआठ कोटी माणसांचे हे कुटुंब. त्यातला कोपरान् कोपरा कधी ना कधी कोणाच्या तरी ओठांवर यावा अशी ती योजना आहे. नायजेरिया, कोरिया, मेलानेशियाची बेटे, जेरुसलेम. ज्या दिवशी मुंबईचे किंवा नाशिकचे नाव येते त्या दिवशी तिकडे कोणीतरी परकी माणसे आपल्या ह्या मातीचे नाव अडखळत उच्चारत असतील.

मावशींची शाळा चौथीपर्यंत झालेली. नकाशा त्यांनी बहुधा भिंतीवरच पाहिला असेल. एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी वही पुढे केली. "फादर, हे जुबा कुठं आलं?"

मलाही चटकन सांगता येईना. दक्षिण सुदानची राजधानी, एवढे घरी येऊन पाहिले. पुढच्या रविवारी त्यांना सांगितले की तो देश २०११ साली स्वतंत्र झाला आणि अडीच वर्षांच्या आत यादवीत सापडला. की २०१९ च्या एप्रिलमध्ये तेथील भांडणाऱ्या पुढाऱ्यांना व्हॅटिकनमध्ये तपसाधनेसाठी बोलावण्यात आले, आणि म्हाताऱ्या पोप फ्रान्सिस ह्यांनी खाली वाकून त्यांच्या पायांचे चुंबन घेतले. ती तपसाधना कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या सूचनेवरून ठरली होती, हे मात्र मला स्वतःला तेव्हाच कळले. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी आणि स्कॉटलंडच्या मंडळीचे प्रमुख असे तिघे मिळून जुबाला गेले, ती बातमी मी ओसरीवर वाचून दाखवली. मावशींनी वहीत जुबाच्या नावाला पेनाने गोल केला.

वहीत युगांडाही होता. तीन जूनला आपण संत चार्ल्स ल्वांगा आणि त्यांचे सोबती ह्यांचा स्मरणदिन पाळतो. १८८६ साली ह्याच दिवशी नामुगोंगो येथे तरुण मुलांना जिवंत जाळण्यात आले. त्या आगीत कॅथलिक होते तसे अँग्लिकनही होते; एकाच राजाचा हुकूम, एकच जागा, एकच दिवस. १९६४ मध्ये बावीस कॅथलिक हुतात्म्यांना संतपद देताना पोप सहावे पॉल ह्यांनी अँग्लिकन हुतात्म्यांचाही आदराने उल्लेख केला होता. किती वर्षे मी तो स्मरणदिन साजरा केला, पण त्या दुसऱ्या मुलांचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

त्यानंतर मी ओसरीवरच्या विश्वासूंच्या प्रार्थनेत एक विनंती वाढवली. मावशींनी त्या दिवशीचे नाव वाचायचे आणि सर्वांनी 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणायचे. पहिल्याच रविवारी आमच्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला बाजूला घेतले. "फादर, आपलेच बिशप, आपलेच धर्मगुरू, त्यांच्यासाठी आपली प्रार्थना पुरत नाही. त्यात ह्यांची भर कशाला? आणि करायचीच तर ते परत आपल्यात यावेत अशी करू या."

त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रॉटेस्टंट देवळात पाऊल टाकणे पाप वाटत असे. शुभ शुक्रवारच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेतही ह्या बांधवांचा उल्लेख पाखंडी आणि फुटीर असाच होता. पुढे तो गेला. मी त्यांना एवढेच सांगितले की जानेवारीत १८ ते २५ तारखेपर्यंत आपण जो ख्रिस्तैक्य सप्ताह पाळतो, तो १९०८ साली अमेरिकेत सुरू केला पॉल वॉटसन ह्या अँग्लिकन धर्मगुरूने. पुढच्याच वर्षी तो आपल्या संघासह कॅथलिक झाला, हे ऐकून गृहस्थांचा चेहरा खुलला. मग मी दुसऱ्या पॉलचेही सांगितले. फ्रान्समधल्या ल्यों शहरातले कॅथलिक धर्मगुरू पॉल कुतुरिए ह्यांनी १९३० च्या दशकात त्या सप्ताहाला निराळे वळण दिले. अमक्यांनी तमक्यांकडे यावे असे न मागता, ख्रिस्ताला हवे तसे ऐक्य, त्याला हव्या त्या मार्गाने, एवढेच मागायचे. अशी प्रार्थना कठीण असते. तिच्यात स्वतःचा विजय मागायला जागाच उरत नाही. गृहस्थ म्हणाले, "बघू." हल्ली ते प्रतिसाद देतात, पण जरा हळू आवाजात.

खरी कसोटी लागली ती २०२५ च्या ऑक्टोबरात. महिन्याच्या प्रारंभी कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली ह्यांचे नाव जाहीर झाले. त्या पदावर पूर्वी कधीही स्त्री आली नव्हती. मग आफ्रिकेतील आणि इतरत्रच्या परंपरानिष्ठ मंडळ्यांच्या नेत्यांनी कँटरबरीभोवतीची जुनी रचना आपल्याला मान्य नसल्याचे जाहीर केले. आणि २३ तारखेला सिस्टिन चॅपेलमध्ये पोप चौदावे लिओ आणि राजे तिसरे चार्ल्स ह्यांनी एकत्र प्रार्थना केली. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडचा राजा पोपसमवेत उघडपणे प्रार्थनेला बसल्याची ही पहिलीच वेळ. अँग्लिकन धर्मगुरूंची दीक्षा ग्राह्य नाही असा निर्णय १८९६ मध्ये देणारे पोपही लिओच होते, तेरावे. तो निर्णय आजही कायम आहे. अंतर संपलेले नाही, हे मी ओसरीवर लपवून ठेवीत नाही.

फुटीची बातमी कळताच एक जण उत्साहाने म्हणाला, "बघा फादर, आता येतील आपल्याकडे." ते ऐकून मला बरे वाटले. मला बरे वाटले हे मी इथे लिहून ठेवतो. दुसऱ्याच्या घराची भिंत तडकल्याचा आवाज आला आणि माझ्या मनाने आधी आपल्या घराचे पाखे मोजले. समोर मावशी वही उघडून बसल्या होत्या. कँटरबरीला बाई आली, हे त्यांना लेकीने सांगितलेले होते. त्यावर त्यांचे मत तयारच होते: "बाईमाणूस आली तर काय बिघडलं? आमच्या गावात मंडळी बायकाच तर चालवतात." मी काही बोललो नाही. ह्या विषयावर आमच्या ख्रिस्तसभेची भूमिका निराळी आहे आणि ती मला मान्य आहे. पण त्या रविवारी त्यांनी फुटणाऱ्या दोन्ही बाजूंची नावे, आधी एक आणि मग दुसरे, त्याच खणखणीत आवाजात वाचली, आणि प्रतिसाद देताना माझा स्वर गृहस्थांच्या स्वराइतकाच हळू निघाला.

माझ्या बदलीची वेळ केव्हाच टळून गेली आहे. पत्र कधीही येईल. नाताळासाठी मावशी गावी गेल्या. जाण्याच्या आदल्या रविवारी त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "खाडा पडायला नको. एवढे दिस तुम्ही घ्या." त्या रात्री जेवण झाल्यावर मी दिव्याखाली बसून तारीख शोधली. लेकीचे अक्षर वळणदार, पण नाव कुठल्या तरी दूरच्या बेटाचे असावे. दोन जोडाक्षरे एकमेकांवर चढलेली. एकदा वाचले, पुन्हा वाचले. नीट लागेना. शेवटी जसे लिहिले होते तसेच मोठ्याने म्हटले.